नऊ दिवसांच्या उपवासाआधी गोळ्यांचा डबा उघडा

पत्र: माझं वय ५६, राहणार सांगली. उंची १६५ सेंमी, वजन ८४ किलो. आठ वर्षं मधुमेह, पाच वर्षं बीपी. गेल्या महिन्यातलं एचबीए१सी (तीन महिन्यांची सरासरी साखर) ७.६. गोळ्या अशा: ग्लिमेपिराइड १ आणि मेटफॉर्मिन ५०० ची एकत्र गोळी दोन्ही जेवणांआधी, सकाळी डापाग्लिफ्लोझिन १०, शिवाय टेल्मिसार्टन ४० आणि हायड्रोक्लोरोथायझाइड १२.५ ची एकत्र गोळी. आमच्या शेजाऱ्यांनी नुसत्या पाण्यावर नऊ दिवस काढले. सहा किलो उतरले, बीपीची गोळी सुटली. व्हिडिओत सांगतात की तिसऱ्या दिवसापासून ऑटोफॅजी सुरू होते, शरीर आतून नवं होतं आणि आयुष्य वाढतं. श्रावणात मी घरीच करायचं ठरवतोय. त्या दिवसांत गोळ्या बंदच ठेवायच्या ना? एकादशी आणि शनिवार मी कित्येक वर्षं धरतो, त्याने साखरेत काहीच फरक का पडला नाही? पत्नी (वय ५२, वजन ४६, थायरॉइडची गोळी चालू) आधी नको म्हणत होती, आता म्हणते मीही सोबत करते. चालेल का?

उत्तर:

नमस्कार. गोळ्यांची नावं आणि मात्रा लिहिल्यात हे फार बरं केलंत, कारण तुमच्या प्रश्नाचं निम्मं उत्तर त्या यादीतच आहे. घरी, नुसत्या पाण्यावर, नऊ दिवस हे तुमच्यासाठी नाही. उपवासच नको असं मात्र म्हणत नाही. कोणता उपवास आणि कोणत्या गोळ्यांसोबत, हे ठरवू.

आधी ग्लिमेपिराइड. ही गोळी स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला लावते. पोटात अन्न गेलंय की नाही, याच्याशी तिला देणंघेणं नसतं. जेवण चुकवून ती घेतली की साखर ७० च्या खाली घसरू शकते. हातपाय थरथरतात, दरदरून घाम येतो, बोलणं असंबद्ध होतं. हे पहाटे झोपेत झालं तर लक्षातही येत नाही. मेटफॉर्मिन एकटी असती तर इतकी काळजी नव्हती, ती सहसा साखर इतकी खाली नेत नाही. पण तुमच्या गोळीत दोन्ही एकत्र आहेत, त्यामुळे एक ठेवून दुसरी थांबवायची तर डॉक्टरांना गोळीच बदलून द्यावी लागेल.

त्याहून फसवी गोळी डापाग्लिफ्लोझिन. ती लघवीवाटे साखर बाहेर टाकते, मधुमेहात दिवसाला साधारण ७० ग्रॅम. उपवासात इन्सुलिन आधीच उतरलेलं असतं, शरीर चरबी जाळून कीटोन तयार करत असतं आणि या गोळीमुळे ते प्रमाणाबाहेर वाढू शकतात. रक्त आम्लधर्मी होतं. मळमळ, उलट्या, पोटदुखी, धाप लागणं अशी लक्षणं दिसतात आणि गंमत अशी की ग्लुकोमीटरवर आकडा २०० च्या आसपास, कधी त्याहूनही कमी. घरचे म्हणतात, "साखर तर ठीक आहे, पित्त झालं असेल," आणि लिंबू सरबत देतात. हा आजार जिवावर बेतू शकतो. शस्त्रक्रियेआधी ही गोळी किमान तीन दिवस बंद करतात ती याच कारणासाठी. म्हणजे उपवासाच्या सकाळी ती न घेणं पुरेसं नाही, आदल्या दिवसांचा तिचा अंमल शिल्लक असतोच.

राहिली बीपीची गोळी. उपवासाच्या पहिल्या तीन-चार दिवसांत इन्सुलिन उतरतं तसं मूत्रपिंड मीठ आणि पाणी सोडून देतं. त्यावर हायड्रोक्लोरोथायझाइड, म्हणजे आणखी लघवी करवणारं औषध. सोबतीला टेल्मिसार्टन. अंग कोरडं पडलेलं असताना हे दोन्ही चालू राहिलं तर उठताना डोळ्यांपुढे अंधारी येते आणि क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचं काम कसं चाललंय ते दाखवणारा रक्तातला आकडा) चढतं. त्यात डोकं दुखतंय म्हणून डायक्लोफेनॅक किंवा आयबुप्रोफेन घेतली तर मूत्रपिंडावर तिहेरी मार.

म्हणून "गोळ्या बंदच ठेवायच्या ना?" याचं एका शब्दात उत्तर नाही. एक थांबवायची, एक आधीच थांबवायची, एकीची मात्रा कमी करायची, एक चालू ठेवायची, आणि हे तुमचं क्रिएटिनिन, सोडियम, पोटॅशियम पाहून डॉक्टरांनीच ठरवायचं. शेजाऱ्यांची कोणती गोळी सुटली ते तुम्ही लिहिलेलं नाही. ती ॲटेनोलॉल किंवा मेटोप्रोलॉल असेल आणि त्यांनी मनाने एका दिवसात सोडली असेल, तर त्यांना डॉक्टरांकडे जायला सांगा. ही औषधं झटक्यात बंद केली की छातीत धडधड आणि हृदयावर ताण येऊ शकतो.

त्यांच्या सहा किलोंचा हिशेब मांडून पाहू. यकृतात साधारण १०० ग्रॅम ग्लायकोजेन, म्हणजे साठवलेली साखर असते, ती दिवसभरात संपते. स्नायूंतलंही कमी होतं. प्रत्येक ग्रॅम ग्लायकोजेनसोबत सुमारे तीन ग्रॅम पाणी साठलेलं असतं, तेही जातं, वर मिठासोबत गेलेलं पाणी वेगळं. आता चरबी. एक किलो चरबी म्हणजे साधारण ७७०० कॅलरी. दिवसाला १८०० कॅलरींची तूट धरली तर नऊ दिवसांत जास्तीत जास्त दोन किलोंच्या आसपास चरबी जळते. बाकीचं पाणी, मीठ, आतड्यातला मळ आणि काही स्नायू. सुरुवातीच्या दिवसांत शरीर रोज ७० ते ७५ ग्रॅम प्रथिनं मोडतं, मेंदूला ग्लुकोज हवं म्हणून. मेंदू कीटोनवर सरावतो तसं हे प्रमाण हळूहळू उतरतं. जेवण सुरू झालं की पाणी परत येतं, बीपीही बरंचसं परत चढतं. दोन महिन्यांनी त्यांचं वजन आणि बीपी पुन्हा विचारा.

लांब उपवासाचे दाखले देताना व्हिडिओवाले काही गोष्टी गाळतात. स्कॉटलंडमधल्या अँगस बार्बिएरी यांनी १९६५-६६ मध्ये ३८२ दिवस उपवास केला हे खरं, पण ते सुरुवातीला २०७ किलोंचे होते, डॉक्टरांच्या देखरेखीखाली होते आणि त्यांना जीवनसत्त्वं, पोटॅशियम, सोडियम दिलं जात होतं. १९४३ साली आगाखान पॅलेसमध्ये गांधीजींनी २१ दिवसांचा उपवास केला तेव्हाही आजूबाजूला डॉक्टर होते आणि पाण्यात मोसंबीचा रस घालावा लागला होता. जर्मनीत ओटो बुखिंगर यांच्या पद्धतीने उपचार म्हणून उपवास करवतात, त्यातही भाज्यांचं पातळ सूप आणि रस मिळून रोज सुमारे २५० कॅलरी पोटात जातात.

आणि जिथे सगळ्यात जास्त घोटाळा होतो ती गोष्ट म्हणजे पारणं. पाच दिवसांहून जास्त काळ जवळजवळ काहीच न खाल्लेल्या माणसाने एकदम शिरा, केळं, रसाचे दोन पेले असं गोड आणि पिठूळ घेतलं की इन्सुलिन उसळतं आणि रक्तातलं फॉस्फेट, पोटॅशियम, मॅग्नेशियम पेशींत ओढलं जातं. रक्तात त्यांचा दुष्काळ पडतो. हृदयाचे ठोके बिघडतात, स्नायू गळाठतात, श्वास जड होतो, पायांवर सूज येते. दुसऱ्या महायुद्धानंतर उपासमारीतून सुटलेल्या युद्धकैद्यांमध्ये हे ठळकपणे दिसलं: छावणीत जगले आणि जेवण मिळाल्यावर दगावले. थायमिन, म्हणजे बी१ कमी पडल्यानेही मेंदूला इजा होते. म्हणून पाच दिवसांपुढच्या उपवासानंतर पहिले दोन दिवस गरजेच्या निम्म्याहून जास्त खायचं नाही असा नियम आहे. तुमच्या बाबतीत तो आकडा ९०० ते १००० कॅलरींचा होईल. दहा दिवसांच्या पुढे गेलं तर आणखी कमी, आणि तेही रक्त तपासत, रुग्णालयात.

आयुर्वेदात शोधनानंतरचा (वमन-विरेचनासारख्या शुद्धीनंतरचा) संसर्जन क्रम, म्हणजे हळूहळू जेवणावर येण्याची पद्धत आहे: आधी पेया (पातळ पेज), मग विलेपी (घट्ट पेज), मग मुगाचं कढण फोडणीविना, मग फोडणीचं, आणि शेवटी नेहमीचं जेवण. लंघनाचे गोडवे गाणारे पुष्कळ भेटतात, हा भाग मात्र कुणी सांगत नाही. तुमच्या ओळखीत जैनांच्या पर्युषणात अठ्ठाई (आठ दिवसांचा उपवास) करणारं कुणी असेल तर पारण्याच्या दिवशी त्यांना पंगतीला बसवू नका. पातळ मुगाचं पाणी, तासाभराने पुन्हा थोडं, मग मऊ भात, असं जाऊ द्या. मिठाई तिसऱ्या-चौथ्या दिवशी.

आता ऑटोफॅजी. पेशी आपलाच खराब झालेला माल मोडून पुन्हा वापरतात, ती ही प्रक्रिया. योशिनोरी ओसुमी यांना २०१६ चं नोबेल मिळालं ते यीस्टमधल्या या प्रक्रियेच्या उलगड्यासाठी. माणसाने किती दिवस उपाशी राहावं यावर त्यांचं ते काम नव्हतं. "७२ व्या तासाला अमुक सुरू होतं" असे तक्ते बहुतेक उंदरांवरून काढलेले असतात. उंदीर एक दिवस उपाशी राहिला की वजनाचा दहावा हिस्सा किंवा त्याहूनही जास्त गमावतो. त्याचा एक दिवस म्हणजे आपला एक दिवस नव्हे. तुमच्या शरीरात ऑटोफॅजी किती चालू आहे हे सांगणारी तपासणी आज कुठल्याही लॅबमध्ये होत नाही. त्यामुळे "माझी सुरू झाली" म्हणणारा अंदाज सांगतो.

आयुष्य वाढण्याबद्दल हाताशी काय आहे? माकडांवर अमेरिकेत दोन मोठे प्रयोग झाले. विस्कॉन्सिनमध्ये कमी खाणाऱ्या माकडांचा फायदा दिसला, अमेरिकेच्याच राष्ट्रीय वृद्धत्व संस्थेच्या प्रयोगात आयुर्मानात फरक दिसला नाही. माणसांवरचा 'कॅलरी' (CALERIE) नावाचा अभ्यास दोन वर्षांचा. लोकांना २५ टक्के कमी खायला सांगितलं, प्रत्यक्षात जमलं ते १२ टक्क्यांच्या आसपास. रक्तातल्या खुणांवरून मोजलेला म्हातारं होण्याचा वेग दोन ते तीन टक्क्यांनी कमी दिसला. लोक जास्त वर्षं जगले का, हे दोन वर्षांत कळणं शक्य नव्हतं. आणि ती माणसं उपाशी नव्हती, रोज थोडं कमी जेवत होती. पाण्यावरच्या उपवासाने माणसाचं आयुष्य वाढल्याचा पुरावा नाही. मधुमेह आणि पोटाचा घेर आटोक्यात आला तर हृदय, मूत्रपिंड, डोळे वाचतात, याचा मात्र भरपूर आहे. तुमची मेहनत तिकडे लावा.

तुमच्या एकादशीचं काय होतं ते तुम्हाला ठाऊक असणार, "एकादशी अन् दुप्पट खाशी" ही म्हण आपल्याकडे उगाच नाही. एका ताटली खिचडीत ७५ ग्रॅम कोरडा साबुदाणा (२६५ कॅलरी), २५ ग्रॅम दाण्याचं कूट (१४०), मोठा चमचाभर तूप (१३०) आणि एक लहान बटाटा (४०) धरला तर झाल्या पावणेसहाशे कॅलरी आणि सुमारे ८० ग्रॅम कर्बोदकं. साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ स्टार्च, प्रथिनं त्यात एक टक्काही नाहीत. वर वेफर्स, केळं, दुधाचा गोड चहा, रात्री पुन्हा भगर आणि आमटी. साखर उतरणार कशी? उपवासाला साबुदाणा सोडून ४० ग्रॅम भगर, काकडीची कोशिंबीर, ताक आणि मूठभराहून कमी दाणे इतकंच घेतलं तर एकादशी उपयोगी ठरते.

आता तुम्ही काय करायचं. पहिला महिना फक्त रात्रीचा उपवास. जेवण संध्याकाळी सातला संपवा, सकाळचं पहिलं खाणं नऊला. हे झाले १४ तास. पहिला आठवडा १२, दुसरा १३, मग १४, असं चढा. मध्ये पाणी, बिनसाखरेचा कोरा चहा चालेल. दूध-साखरेचा चहा चालणार नाही, आणि पत्राला उत्तर देणाऱ्याला न सांगता घेतलेली दोन बिस्किटंही नाही. १६ तासांचा हट्ट नको. नुसत्या वेळा बदलून, काय आणि किती यात बदल न करता, फार काही हाती लागत नाही. २०२० मध्ये अमेरिकेत ११६ जणांवर १२ आठवड्यांचा अभ्यास झाला, त्यात १६ तासांच्या गटाचं वजन इतरांहून लक्षणीय उतरलं नाही. दोन वेळाच जेवायची पद्धत महाराष्ट्रात खूप पसरली आहे. ती जमणाऱ्यांना जमते, पण ग्लिमेपिराइडवर असलेल्या माणसाने मात्रा न बदलता दुपारचं खाणं सोडू नये.

दुसऱ्या महिन्यापासून आठवड्यात दोन दिवस, लागून न येणारे, समजा मंगळवार आणि शनिवार, ६०० कॅलरींचे. ऑस्ट्रेलियात मधुमेहाच्या १३७ रुग्णांवर वर्षभर असा प्रयोग झाला: आठवड्यात दोन दिवस ५०० ते ६०० कॅलरी, बाकी दिवस नेहमीचं. रोज मोजून कमी खाणाऱ्यांइतकीच त्यांची साखर सुधारली. तुमच्या स्वयंपाकघरात तो दिवस असा बसेल. सकाळी थोड्या दुधाचा बिनसाखरेचा चहा. अकराला ४० ग्रॅम कोरड्या मुगाला मोड आणून केलेली उसळ, तेल एक लहान चमचा, सोबत काकडी. पाचला १०० ग्रॅम दह्याचं पातळ ताक. सातच्या आत ४० ग्रॅम पिठाची एक ज्वारीची भाकरी, मेथी किंवा पालकाची भाजी एका चमचा तेलातली, पुन्हा १०० ग्रॅम दही. बेरीज ६०० च्या आतबाहेर, प्रथिनं २५ ग्रॅमच्या आसपास. पीठ आणि मूग महिनाभर तरी काट्यावर मोजा. अंदाजपंचे "एक भाकरी" कुणाची ४० ग्रॅमची असते, कुणाची ९०. बाकीच्या पाच दिवसांत भरपाई करायची नाही, हे सांगायला नको.

या दोन दिवसांत पाणी दोन-अडीच लिटर, दिवसभरात विभागून. एका बैठकीत दोन लिटर पिऊ नका, त्याने सोडियम पातळ होतं. शहाळी पोटॅशियमने भरलेली असतात आणि टेल्मिसार्टन पोटॅशियम रोखून धरते, म्हणून क्रिएटिनिन आणि पोटॅशियमचा रिपोर्ट हाती येईपर्यंत दिवसाला एकाहून जास्त नको. डोकं दुखतं ते बहुधा चहा तुटल्याने, आठवडाभर आधीपासून एकेक कप कमी करा. पित्त उसळत असेल तर रिकाम्या पोटी कोरा चहा टाळा. युरिक ॲसिड वाढलेलं किंवा पित्ताशयात खडा असेल तर आधी डॉक्टरांच्या कानावर घाला. कीटोन वाढले की युरिक ॲसिड बाहेर पडायला अडतं आणि अंगठा सुजतो; वजन फार झपाट्याने उतरलं की खडे वाढतात. आठवड्याला अर्धा ते एक किलो इतका वेग पुरे.

डॉक्टरांकडे जाताना हा कागद सोबत न्या आणि चार गोष्टी लिहून घ्या. ६०० कॅलरींच्या दिवशी ग्लिमेपिराइड पूर्ण बंद की कायमच बदलायची? डापाग्लिफ्लोझिन चालू ठेवायची की हे महिने दुसरं औषध द्यायचं? (आठवड्यात दोनदा तीन-तीन दिवस आधी बंद करणं शक्यच नाही, म्हणून हा प्रश्न टाळू नका. वरच्या जेवणात ६० ते ७० ग्रॅम कर्बोदकं मुद्दाम ठेवली आहेत, पण ती पुरेशी आहेत का हे त्यांनी ठरवावं.) हायड्रोक्लोरोथायझाइड कमी करायची का? आणि रक्ताच्या तपासण्या पुन्हा केव्हा? ही उत्तरं मिळेपर्यंत फक्त १२ तासांचा रात्रीचा उपवास करा.

पहिले चार आठवडे त्या दोन दिवसांत साखर चार वेळा मोजा: उठल्यावर, अकराला, पाचला, झोपताना. ७० च्या खाली आली तर उपवास तिथेच संपला. तीन लहान चमचे साखर पाण्यातून घ्या, १५ मिनिटांनी पुन्हा मोजा, सावरली की थोडं खा. मधाने काम भागेल, चॉकलेटने नाही, त्यातल्या चरबीमुळे साखर उशिरा चढते. बीपी बसून मोजा, मग उभं राहून दोन मिनिटांनी मोजा. वरचा आकडा २० ने उतरला तर गोळीची मात्रा जास्त होतेय. उलट्या, धाप, छातीत धडधड, लघवी फार कमी होणं, बोलण्यात गोंधळ, यातलं काहीही झालं तर मीटरवरचा आकडा चांगला असला तरी थेट दवाखाना, आणि तिथे "मी डापाग्लिफ्लोझिन घेतो आणि उपवासावर आहे" हे पहिलं वाक्य.

तरीही लांब उपवास करायचाच असेल तर तो निवासी ठिकाणी. उरुळी कांचनला गांधीजींनी १९४६ मध्ये निसर्गोपचाराचं काम सुरू केलं तेव्हापासून महाराष्ट्रात अशा केंद्रांची परंपरा आहे. मात्र कुठेही जाण्याआधी विचारा: रात्री डॉक्टर हजर असतो का, तो माझी ॲलोपॅथीची औषधं हाताळू शकतो का, दाखल करताना क्रिएटिनिन, सोडियम, पोटॅशियम आणि ईसीजी पाहतात का, उपवास सोडवायला किती दिवस ठेवतात. शेवटच्या प्रश्नाला "त्याच दिवशी घरी सोडतो" असं उत्तर आलं तर तिकडे जाऊ नका. आणि "आमच्याकडे आल्यावर सगळ्या गोळ्या बंद" म्हणणाऱ्या ठिकाणीही नको.

पत्नीबद्दल. ४६ किलो वजनात उतरवायला चरबी फारशी नाही. उपवासात जाईल तो स्नायू, आणि पाळी गेल्यानंतरच्या वयात हाडंही त्यासोबत कमजोर होतात. त्यांनी तुमच्यासोबत सातला जेवावं, म्हणजे १२ तासांचा खंड आपोआप पडेल, तेवढाच. ६०० कॅलरींचे दिवस त्यांच्यासाठी नाहीत. त्या दिवशी तुमची उसळ त्यांनीही घ्यावी, पण पोटभर आणि भाकरीसोबत. थायरॉइडची गोळी उठल्यावर नुसत्या पाण्याबरोबर घ्यायचीच आहे, तिच्याने उपवास मोडत नाही. चहा तिच्यानंतर निदान अर्ध्या तासाने.